मसाल्याच्या दिवसांतली भिंत

परवा संध्याकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सगळे शिंकत होते. लालबागहून ताजा मसाला कुटून आणणारं कुणीतरी आमच्या आधी वर गेलं होतं. पिशवी उतरली होती, वास मात्र लिफ्टमध्येच राहिला होता. आधी क्लासहून परतणाऱ्या दोन मुली शिंकल्या, मग कुरिअरवाला, मग मी. एकमेकांची नावंही माहीत नसलेली आम्ही चार माणसं वर पोचेपर्यंत डोळे पुसत हसत होतो. दार उघडलं आणि मला रीम आठवली. दर वर्षी या दिवसांत आठवतेच.

आमच्या भागात उन्हाळा आधी नाकाला कळतो. मार्च सरत आला की लालबागच्या मसाला बाजारात मिरच्यांची पोती उघडी पडतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी. बायका मूठभर मिरच्या कानाशी नेऊन खुळखुळवतात, कारण चांगली वाळलेली मिरची वाजते. मग धणे, बडीशेप, दगडफूल, खसखस. घरी आणून देठं काढायची, कडक ऊन दाखवायचं, भाजायचं आणि डंकावर न्यायचं. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. त्याची लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि धपकन खाली येतात. तोंडाला फडकी बांधलेली माणसं त्या लाल धुरळ्यात शांतपणे वावरत असतात आणि बाहेर बाकावर बायका आपापल्या डब्यांवर डोळा ठेवून बसलेल्या असतात. माझ्या लहानपणापासून या दिवसांत आमच्या घराला लग्नघराची कळा येते. गिरण्या गेल्या, आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, दुसऱ्या मजल्यावरचे आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. मसाला मात्र आई अजूनही स्वतः उभी राहूनच कुटून घेते.

रीम आली ती अशाच एका मार्चच्या शेवटी. चार-पाच वर्षं झाली असतील. मी गिरगावात मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशन संस्थेत मजकूर तपासायचं काम करते. रीम अमेरिकेतली चित्रकार. आईवडील लेबनॉनमधून तिकडे गेलेले, ती तिकडेच जन्मलेली, वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली असणाऱ्या एका शहरात. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आणि कुठे अन्यायाविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली की त्यांच्यासाठी पोस्टरंही करायची. तिच्या एका पुस्तकात एक छोटी मुलगी आहे. तिचं नाव वर्गात कुणालाच नीट घेता येत नाही, एवढीच गोष्ट. ती वाचताना मला माझा वर्ग आठवला. हजेरीत माझं आडनाव वाचलं गेलं की मागे वळून बघणारी ती डोकी आठवली. एवढ्या लांबच्या बाईला हे कसं कळलं, असं वाटून मी ते पुस्तक घरी आणून आईलाही वाचून दाखवलं होतं.

आमच्या संस्थेसाठी रीम मुंबईवर एक चित्रपुस्तक करणार होती. तिच्या राहण्याचा प्रश्न आला तेव्हा मी सुचवलं, माझा भाऊ नाशिकला गेल्यापासून आमची आतली खोली रिकामीच आहे. ऑफिसात तिचं नाव ऐकून सगळे आधी गोंधळले, कारण आमच्याकडे रीम म्हणजे कागदाची. गोदाम सांभाळणाऱ्या काकांनी तर किती रीम येणार आहेत असं विचारून घेतलं. रीमला हे समजावून सांगितल्यावर ती खूश झाली. अरबीत रीम म्हणजे पांढरी हरिणी, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून कागदाचा टेम्पो आला की आमच्याकडे "हरिणी आल्या" म्हणतात. नवीन लागलेल्या माणसांना त्याचं कारणही माहीत नाही.

आई निवृत्त नर्स. महापालिकेच्या रुग्णालयात तिनं उभं आयुष्य काढलं. तिचं इंग्रजी वॉर्डातलं आणि तेवढं तिला पुरतं. सकाळी खोलीच्या दारात जाऊन ती विचारायची, "हाऊ इज द पेशंट टुडे?" आणि रीम अंथरुणातूनच जीभ बाहेर काढून दाखवायची. दोघींची मैत्री व्हायला याहून जास्त भाषा लागली नाही.

शेजारच्या गावडे काकू मूळच्या मालवणच्या. जुन्या चाळीतही त्यांचं दार आमच्या दाराला लागून होतं. नव्या इमारतीत चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, तेव्हा त्यांनी कुणाकुणाशी अदलाबदल करून पुन्हा आमचाच शेजार मिळवला. त्यांनी पहिल्याच दिवशी रीमला दारात गाठलं. "गो चेडवा, तू खंयसून इलंस?" कुठून आलीस, हा प्रश्न रीमला त्या दिवसांत सगळेच विचारत. कोळीण तिला पारशी समजली, टॅक्सीवाला काश्मिरी, वाणी इराणी. एकदा मी तिला विचारलं, कंटाळत नाहीस का? ती म्हणाली, अमेरिकेत कुणी हे विचारलं की ती सावध होते, कारण तिकडे त्याच्या मागोमाग परत कधी जाणार हा प्रश्न असतो, कधी बोललेला, कधी न बोललेला. इथे माणसं तोच प्रश्न विचारतात आणि लगेच जेवलीस का म्हणतात. हा फरक तिला फार मजेचा वाटायचा.

तिच्या भाषेतले शब्द आमच्या तोंडी सापडले की ती लहान मुलासारखी टाळ्या वाजवायची. खुर्ची, साबण, दुकान, हवा. मसाला हा शब्दसुद्धा मुळात तिच्याकडचा निघाला. काकूंनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि निकाल दिला की पोर आपलीच आहे, बाकीची भाषा तेवढी विसरलीय.

टॉवरमध्ये मसाल्याची सगळ्यात मोठी अडचण उन्हाची. चाळीत लांबलचक गॅलरी होती, इथे घरात ऊन येतं ते पाहुण्यासारखं. म्हणून इमारतीमागच्या आवारात, भिंतीच्या कडेला, जुन्या चादरी अंथरून बायका मिरच्या पसरतात. ही भिंत उंच, करड्या सिमेंटची. आमच्या चाळीच्या जागेवर दोन इमारती झाल्या, एक आमची आणि एक विकायची, काचेची, आमच्या दुप्पट उंच. मध्ये ही भिंत. त्यांचं फाटक मोठ्या रस्त्यावर, आमचं मागच्या गल्लीत. रोज सकाळी त्या भिंतीच्या पायाशी लाल चादरी पडायच्या, सोसायटीचे सेक्रेटरी कदम गाडी काढायला जागा नाही म्हणून कुरकुरायचे आणि बायका मिरच्या वीतभर सरकवायच्या. रीम कोपऱ्यात बसून हे सगळं काढत असायची.

एप्रिलात जयंती आली. आमच्याकडे जयंती म्हणजे निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, विहारात वंदना आणि मोठ्या पातेल्यातली खीर. त्या वर्षी कदमांच्या मनात आलं की ती भिंतही रंगवून घ्यावी. घरात आयती चित्रकार होती. त्यांची कल्पना तयार होती. तळं, मागे डोंगर, उगवता सूर्य आणि पाण्यात दोन हंस. पाहुण्यांना प्रसन्न वाटलं पाहिजे, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. रीम विचार करते म्हणाली आणि चार दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही.

मग एका दुपारी तिनं आमच्या हॉलमध्ये कच्चं चित्र उलगडलं. देठं काढायला येणाऱ्या सगळ्या बायका जमल्या होत्या. चित्रात त्याच होत्या. मिरच्यांभोवती उकिडव्या बसलेल्या, पाठी वाकलेल्या, टाचांना भेगा, हात मोठे आणि खरबरीत, डोळे खाली. मागे अंगावर येणारे काळे टॉवर. चित्र सुंदर होतं. मला तर गलबलून आलं. बायकांनी छान आहे म्हटलं, पण लग्नात आवडली नसलेली साडी अंगावर घेऊन म्हणतात तसं. काकू जवळ जाऊन निरखत राहिल्या आणि हळूच मला विचारलं, "कोण गेला गो?"

दोघी-तिघी हसल्या, मग थांबल्या. आईनं चष्मा लावला. चित्रातल्या मधल्या बाईवर बोट ठेवून ती म्हणाली, "हात माझेच आहेत. पण माझं घड्याळ कुठंय?"

आईच्या मनगटावर घड्याळ असतंच. नाडी मोजायची सवय. मिरच्यांची देठं काढतानाही ते उतरत नाही. रीमनं ते काढलं नव्हतं. आई खुर्चीवरून पुढे झुकली आणि मला म्हणाली, तिला नीट सांग. "चित्र चांगलं आहे, बेटा. पण ही बाई बघून कुणालाही वाटेल, हिला मदत करावी. मला मदत नकोय. मी माझा मसाला करतेय."

मी इंग्रजीत सांगताना जरा गुळगुळीत करून सांगितलं. रीमनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, जसं बोलल्या तसंच सांग. मग मी तसंच सांगितलं. तिनं मान हलवली, चित्र गुंडाळलं, सगळ्यांबरोबर चहा प्यायली आणि खोलीत गेली. मला वाटलं, आता ही तळं आणि हंस काढून मोकळी होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना ती आपणहूनच बोलायला लागली. तिची आई शाळेची बस चालवते. मोठमोठ्यानं गाते, पत्त्यांत सगळ्यांना हरवते, बर्फातून बस अशी काढते की शेजारचे पुरुष बघत राहतात. पण वर्तमानपत्रांना, मासिकांना अरब बाईचं चित्र हवं असलं की तिच्याकडे मागणी येते ती उदास डोळ्यांची, डोक्यावर पदर, मागे पडकी घरं. त्यावरून ती कितीतरी संपादकांशी भांडली आहे. माझी आई अशी दिसत नाही, हे सांगण्यातच तिचं निम्मं काम झालं आहे. एवढं सांगून तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि इथे येऊन पेन्सिल हातात घेतली आणि मी तेच केलं."

आईनं तिच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि आपल्या वॉर्डातल्या अनुभवातून समजूत घातली. नव्या नर्सला पहिल्या वेळेस शीर सापडत नाही. त्यात रडायचं नाही, दुसऱ्या जागी टोचायचं. हे मी जसंच्या तसं सांगितलं. रीम हसली आणि दंड पुढे केला.

त्या दिवसापासून तिनं प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्हाला कसं दिसायचंय? प्रश्न साधा, पण आमच्यापैकी कुणालाच तो कुणी विचारला नव्हता. आमचे फोटो निघाले ते रेशनकार्डासाठी, लग्नात घोळक्यात, नाहीतर गिरण्या बंद पडल्या तेव्हा पेपरवाल्यांनी काढलेले. कॅमेरा कुठून धरायचा, केव्हा दाबायचं, हे समोरच्यानंच ठरवलेलं. त्यामुळे पहिले दोन दिवस बायका लाजल्या आणि मग थांबेनात. गावडे काकूंना खांद्यावर गदेसारखी सुरमई हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदे वहिनींना मोटारसायकल चालवायची होती, नवरा मागच्या सीटवर. त्यांची सून कल्पना वकिलीची परीक्षा देत होती. तिला आधीच काळा कोट हवा होता. रीमनं तो काढताना वकील हा शब्दही अरबीतूनच आलाय असं तिला सांगितलं. एका आजींना फक्त पुढचे दात परत हवे होते. मी कानामागे लाल पेन्सिल मागितली. कदम अधूनमधून येऊन हंसांची चौकशी करायचे. रीमनं त्यांना शब्द दिला की हंस नक्की असतील. तो तिनं पाळला. चोचींत एकेक ब्याडगी मिरची धरलेले दोन हंस त्या भिंतीवर आहेत.

आई तेवढी काही बोलेना. रीमच्या डोक्यात तिचं चित्र तयार होतं. पांढरा गणवेश, घड्याळ, समोर खाटांची रांग. इतकी वर्षं सेवा केलेली बाई, दुसरं काय मागणार? मलाही तसंच वाटलं होतं. शेवटी भिंतीवर मधली जागा उरली आणि आईनं डंकावरून परतताना, हातातली पिशवी खाली ठेवत, सांगून टाकलं.

"मला नुसतं बसलेलं काढ. खुर्चीवर, पाय वर घेऊन." मग म्हणाली, "आणि हातात काही देऊ नको. चहाचा कपसुद्धा नको."

रीमनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहत होते. मी तिला कितीतरी रूपांत पाहिलं होतं, पण हातात काही नसलेली, पाय वर घेतलेली अशी पाहिली होती का, ते मला आठवेना. न्याय, हक्क हे मोठे शब्द मी ऑफिसात रोज तपासते, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. त्या क्षणी ते सगळे एका खुर्चीत मावतील असं वाटलं.

भिंत रंगवायला सगळेच उतरले. रंगाचा वास आणि मिरच्यांचा खकाणा एकत्र होऊन आवारात एक वेगळीच हवा तयार झाली होती. रंगवता रंगवता माणसं शिंकायची आणि रेषा वाकडी व्हायची. शिंदे वहिनींच्या मोटारसायकलचं मागचं चाक त्यामुळे जरा अंडाकृती आहे. जयंतीच्या सकाळी विहारातून पांढऱ्या साड्यांतल्या बायका आल्या आणि आपापल्या चित्राखाली उभ्या राहिल्या. फोटोंची झुंबड उडाली. कदमांनी भाषणात ही कल्पना मुळात आपली असल्याचं सांगितलं, कुणी हरकत घेतली नाही. आई भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मग तिनं खिरीच्या पातेल्याजवळच्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढून आणल्या. एकीवर बसली, दुसरीवर पाय ठेवले. खीर वाढायला कुणीतरी हाक मारली, तिनं ती ऐकलीच नाही.

मे संपत आला. मसाले बरण्यांत गेले, वर हिंगाचे खडे बसले. रीमचं जायचं तिकीट आलं आणि त्याच सुमारास काकूंच्या लक्षात आलं की भिंतीवर सगळ्या आहेत, रीम नाही. कडेला, वरच्या काठापर्यंत, थोडी जागा उरली होती. रीम म्हणाली, चित्रकार चित्राच्या बाहेर असतो. काकूंनी हे मान्य केलं नाही. आईनं तर तिचाच प्रश्न तिला विचारला. तुला कसं दिसायचंय?

सगळ्यांना हा प्रश्न विचारून झालेली रीम ब्रश पुसत राहिली. मग म्हणाली, "केस."

तिचे केस दाट, कुरळे, मानेभोवती ढगासारखे पसरणारे. ते ती कायम घट्ट बांधून ठेवायची आणि आम्हाला वाटायचं, उकाड्यामुळे. तिनं सांगितलं, शाळेत मुली त्यात पेन्सिली खोचायच्या. मग रोज सकाळी तिची आई इस्त्रीसारख्या चिमट्यानं ते सरळ करून द्यायची. पुढे मुलाखतीला जाताना ती स्वतःच करायला लागली. विमानतळावर तर कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून ते टोपीत कोंबते. "सोडलेले काढा," ती म्हणाली. "जेवढे आहेत तेवढे."

तिनं ब्रश आमच्या हाती दिले आणि भिंतीकडे पाठ करून बसली. आमच्यात चित्र कुणालाच येत नव्हतं. चेहरा आईनं काढला आणि नाकाचं वांगं झालं. डोळे एक वर, एक खाली. पण कुरळे केस काढायला काय यावं लागतं? चकल्या पाडाव्यात तसं हात गोल गोल फिरवत राहायचं. काकूंनी फिरवला, शिंदे वहिनींनी फिरवला, दात परत मिळालेल्या आजींनीही दोन चकल्या पाडल्या. केस वाढत वाढत भिंतीच्या काठाला गेले तरी डब्यात काळा रंग शिल्लक होता. शिडीवर कल्पना होती, शिडी कदमांनी धरली होती. तिनं खाली पाहून विचारलं, आता काय करू? आई म्हणाली, "जाऊ दे पलीकडे." कल्पनानं काठावरून वाकून चार-पाच बटा त्या बाजूलाही सोडल्या. रीम वळली, तिनं वर पाहिलं आणि हसत हसत जमिनीवरच बसली.

पुढच्या आठवड्यात ती गेली. तिचं मुंबईचं पुस्तक छापून आलं. तिची आई अधूनमधून व्हिडिओ कॉल करते. ती अरबीत बोलते, माझी आई मराठीत, आणि दोघी बराच वेळ बोलतात.

गेल्या आठवड्यात काचेच्या टॉवरमधून आईला बोलावणं आलं. तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पायाची जखम बांधायची होती. इकडे एक जुनी सिस्टर राहते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मीही बरोबर गेले. मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून, त्या फाटकातून आम्ही पहिल्यांदा आत गेलो. भर टाकून त्यांची बाग उंच केली आहे, त्यामुळे आमची ती एवढी उंच भिंत तिकडून जेमतेम छातीपर्यंत येते. त्या बटा तिथे होत्याच. आणि त्यांच्या खाली कुणीतरी खडूच्या रंगांनी एक चेहरा काढला होता. गोल गाल, पुढचा एक दात पडलेला, तोंडभर हसू. आमच्या बाजूच्या केसांना त्या बाजूनं एक मुलगी आली होती.

पहारेकऱ्यानं सांगितलं, इथल्या मुलांनी काढलंय. भिंत धुवायला माणसं आली होती, तर मुलं समोर हात पसरून उभी राहिली आणि हलेचनात. शेवटी माणसं परत गेली.

आई पुढे झाली. चष्मा वर करून तिनं तो चेहरा जवळून पाहिला, डॉक्टर तपासतात तसा, डावीकडून आणि उजवीकडून.

"नाक मात्र त्यांना आपल्यापेक्षा बरं जमलंय," ती म्हणाली आणि जखम बांधायला वर गेली.